थांब्यावरचा वेळ कुणाच्या खात्यात? मुंबईच्या २२७ नगरसेवकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई महानगरपालिकेचे सर्व नगरसेवक आणि नगरसेविका

विषय : बस

सप्रेम नमस्कार.

विषय एका शब्दात उरकलाय, कारण लांबलचक विषयाच्या अर्जांवर शिक्का बसतो आणि ते फायलीत जाऊन पडतात, हे नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. मी परळला एका लहान कंपनीत हिशेब आणि पगाराचं काम बघते, राहते प्रभादेवीला. नेता नाही, संघटना नाही, कार्यकर्ती तर मुळीच नाही. बसने जाते-येते, एवढीच माझी पात्रता.

१५ जुलै २०२६ ला मुंबईतल्या बसला शंभर वर्षं पूर्ण होतील. १९२६ साली त्या दिवशी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. तेव्हा ट्राम जोरात होती. बस टिकेल का, अशी शंका घेणारे तेव्हाही असतीलच. पुढे ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली आणि बस राहिली. तर शंभरीचा कार्यक्रम होईल, तुम्हाला निमंत्रणं येतील. बसला झेंडूच्या माळा घालतील, जुने फोटो लावतील, फीत कोणी कापायची यावरून दोन पक्षांत थोडी कुरबुरही होईल. होऊ दे. त्या गर्दीत माझं पत्र कोण वाचणार, म्हणून आधीच लिहिते आहे.

आधीच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि आम्ही पुन्हा मतदान केलं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकाची होती. प्रशासकाने कामं केली नाहीत असं मी म्हणत नाही. गटारं साफ झाली, रस्ते सिमेंटचे झाले (अजून होतायत, आणि त्यापायी आमच्या नाकातोंडात धूळ जाते आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय). मुद्दा असा की या काळात बसच्या बाबतीत जे काही झालं, ते विचारायला वॉर्डात कुणीच नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेल डबलडेकरला निरोप दिला. लोक हार घेऊन आले, सेल्फी काढले, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. ९ मे २०२५ पासून पाच रुपयांचं किमान तिकीट दहा झालं, एसीचं सहावरून बारा. भाडेतत्त्वावर बस देणारे काही कंत्राटदार मधल्या मध्ये निघून गेले. हे सगळं आम्ही पेपरात वाचलं. एरवी निदान एखादा नगरसेवक सभागृहात उठून ओरडला असता, बाकी काही नाही तरी कागद फाडले असते. तेवढंही झालं नाही.

म्हणून निवडणूक आली तेव्हा मला बरं वाटलं. जवळपास सगळ्याच वचननाम्यांत बस होती. कुणी महिलांना निम्म्या तिकिटाचं वचन दिलं, कुणी तिकीट पुन्हा पाच रुपयांवर आणू म्हणालं, कुणी हजारो नव्या इलेक्ट्रिक बस आणणार होतं. आता तुम्ही निवडून आलात, आणि तुमच्यात निम्म्याहून जास्त बायका आहेत. अर्ध्या तिकिटाला माझा विरोध नाही, मिळालं तर घेईनच. पण तिकिटाचे पैसे ही बसप्रवासातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, हे मला तुम्हाला हिशेबनिसाच्या बाजूने सांगायचं आहे.

बेस्टचं, म्हणजे मुंबईची बस चालवणाऱ्या पालिकेच्या उपक्रमाचं, नाव निघालं की दुसरा शब्द येतो तोटा. मी रोज ताळेबंदात नाक खुपसून बसणारी बाई आहे, तोट्याला घाबरत नाही. तोटा कुठल्या खात्यात टाकलाय, एवढंच बघते. पूर्वी बेस्टचा वीज विभाग परिवहनाला हात द्यायचा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची वीज बेस्टची, त्या बिलातून बसची तूट भरून निघायची. पुढे वीज नियामक आयोगाने ती वाट बंद केली. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर ते गैर नव्हतं. पण त्या दिवसापासून बस उघडी पडली. महापालिका पैसे देते, नाही असं नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटींची तरतूद होती. मोठी रक्कम वाटते ना? त्या वर्षीचा महापालिकेचा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. शंभरातले दीड रुपयेही बसच्या वाट्याला आले नाहीत.

आणि कोस्टल रोड? मरीन ड्राइव्हपासून वरळी-वांद्रे सागरी सेतूपर्यंत साडेदहा किलोमीटर, खर्च १३ हजार कोटींच्या पुढे, टोल नाही. मी गेले आहे त्यावरून, दृश्य फार सुंदर आहे. तो किती तोट्यात चालतो असं कधी कुणी सभागृहात विचारलंय का? विचारूही नये, रस्ता आहे तो, रस्त्याला कोण नफा मागतं. मग तोच न्याय बसला का नाही, एवढं मला कुणीतरी समजावून सांगा. कोस्टल रोडच्या सुरुवातीच्या आराखड्यात बससाठी वेगळी मार्गिका होती, त्या मार्गिकेचं पुढे काय झालं, हेही तुम्ही विचारू शकता. आता तुम्हाला तो अधिकार आहे.

माझ्या टेबलावर हजेरीचं रजिस्टर असतं. बायोमेट्रिक मशीन आलंय, पण उशिरा येणाऱ्याने रजिस्टरमध्ये कारण लिहायचं ही जुनी पद्धत मालकांनी चालू ठेवली आहे. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. तो कापायचं काम माझं. गेल्या सप्टेंबरपासून त्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द ओळीने दिसतो, पूल. १२ सप्टेंबर २०२५ ला प्रभादेवी आणि परळ जोडणारा एल्फिन्स्टनचा शंभर वर्षांहून जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे दुमजली पूल होणार आहे, व्हायलाच हवा, अटल सेतूवरून येणाऱ्या गाड्यांना वरळीला जायला वाट नको का. पण तोवर वरळी-प्रभादेवीकडून परळला यायचं तर एक तर वर दादरच्या टिळक पुलावरून, नाहीतर खाली करी रोडवरून वळसा. दोन्हीकडे आधीच मुंगीला शिरायला जागा नसते.

ज्यांचे गुडघे धड आहेत ते प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावरून चालत येतात, मीही येते. २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जीव गेले ते इथेच. नंतर लष्कराने नवा पूल बांधून दिला. आमच्या पॅकिंग विभागातल्या दोघीजणी मात्र जिने चढू शकत नाहीत. एक पन्नाशीची, संधिवाताची. दुसरीला सातवा महिना आहे. त्या बसनेच येतात. दोघींच्या नावापुढे ‘पूल’, ‘पूल’, ‘पूल’, आणि महिनाअखेरीला माझ्याच हाताने अर्धा दिवस वजा. मालकांशी बोलले, त्यांनी सातव्या महिन्यावालीला सवलत दिली. संधिवाताला सवलत नाही.

आता हा कापलेला अर्धा दिवस कुठल्या वहीत लिहायचा, मला सांगा. महापालिकेच्या नाही, बेस्टच्या नाही, पूल बांधणाऱ्यांच्या तर नाहीच. टॅक्सीचं मीटर फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपयांना पडतं आणि आमच्याकडे, माहीम-शीवच्या अलीकडे, रिक्षा येत नाहीत. म्हणजे बस किंवा टॅक्सी. रोजच्या टॅक्सीचा खर्च त्या संधिवातवालीच्या पगारात बसत नाही. मग उरतं ते थांब्यावर उभं राहणं. पुलामुळे लागला तसाच कमी गाड्यांमुळे लागणारा वेळही कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याचा खर्च गरिबाच्या खिशातून जातो, एवढं हिशेबाच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकायला मिळतं.

थांब्यावर कोण उभं असतं हे तुम्ही गाडीच्या काचेतून पाहिलं असेलच. तरी दोन गोष्टी सांगते, काचेतून त्या दिसत नाहीत.

एक तर परळकडे जाणाऱ्या बसची वाट पाहणाऱ्यांत रोज दोन-चार जण गावाकडचे असतात. टाटा, केईएम, वाडिया या रुग्णालयांत आलेले. त्यांच्या हातात एक्स-रेची ती लांबट पिशवी असते. नातेवाईक ती छातीशी उभी धरतो, वाकली की डॉक्टर ओरडतील म्हणून. बस आली की तो आधी पेशंटला चढवत नाही, आधी पिशवी कुणाकडे तरी देतो, मग पेशंट, मग स्वतः. पिशवी अनोळखी माणसाच्या मांडीवर तीन स्टॉप जाते आणि सुखरूप परत मिळते. दुसरं म्हणजे बसच्या कपाळावरचा आकडा मराठीत असतो. मला त्याचा अभिमान आहे, तो तसाच राहू द्या. पण लांबून येणाऱ्या बसचा आकडा वाचणं ही इथली एक कला आहे. चष्मा पुसून झाला की आजोबा जाहीर करतात, “सहासष्ट नाही, सहासष्ट नाही, बसा.” ज्या पोरांना आकडा वाचता येत नाही ती आजोबांच्या तोंडाकडे बघतात. मोबाइलमध्ये बस कुठं आहे ते दिसतं, तरी आजोबांवर विश्वास जास्त.

बाकड्यांबद्दल बोलले नाही तर चुकेल. थांब्यावरची ती उतरती स्टीलची नळी, जिच्यावर धड बसता येत नाही आणि मे महिन्यात टेकताही येत नाही, ती कुणाच्या डोक्यातून निघाली मला कळलेलं नाही. तिच्या शेजारी पुष्कळ ठिकाणी लोकप्रतिनिधींच्या सौजन्याने ठेवलेलं बाकडं असतं, ते मात्र नीट असतं. त्याच्या पाठीवर नाव इतकं ठळक की रस्त्यापलीकडून वाचता येतं. बसच्या नंबरांची पाटी जवळ जाऊनही वाचता येत नाही. वाढदिवसाचा बॅनर लागला तर तीही झाकली जाते.

आता बसच्या आतलं. नव्या भाडेतत्त्वावरच्या बसमध्ये चालक कंत्राटदाराचा, कंडक्टर बेस्टचा. एकाच गाडीत दोन मालकांची माणसं, दोघांचे पगार वेगळे, सुट्ट्या वेगळ्या, तक्रार करायची ठिकाणं वेगळी. मला या कंडक्टर मंडळींबद्दल फार आदर आहे, खोटं कशाला बोलू. परवा एक म्हातारी चढली, हातात भाजीची पिशवी, दुसरा हात दांडीपर्यंत पोचेना. ड्रायव्हरने गाडी हलवली तशी कंडक्टरने टपावर थाप मारली, गाडी थांबवली, कॉलेजच्या मुलाला नजरेनेच उठवलं, म्हातारीला बसवलं आणि मग बेल दिली. तिकीट काढता काढता म्हणाला, “आजी, सुट्टे नसले तर उद्या द्या.” उद्या ती भेटणार नव्हती आणि त्यालाही ते माहीत होतं. या अशा माणसांची भरती आता होत नाही, कारण मालकीच्या गाड्याच उरत नाहीत.

तेवढे आकडे बघा. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांहून जास्त बस होत्या. आज भाड्याच्या धरूनही तीन हजार होत नाहीत, आणि स्वतःच्या मालकीच्या तर पाचशेच्या आत आल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवस संप झाला होता, आठवत असेल. त्यानंतर त्याच वर्षी कामगार संघटनेशी जो करार झाला त्यात स्वतःच्या ३,३३७ बसचा ताफा राखू असं लिहून दिलं होतं. लिहून दिलं होतं, तोंडी नाही. २०१९ च्या जुलैत किमान तिकीट आठ रुपयांवरून पाच केलं तेव्हा प्रवासी धावत आले. लोकांना बस नकोशी झालीय हे साफ खोटं आहे. लोक यायला तयार होते, गाड्या कमी होत गेल्या.

भाडेतत्त्व मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. दिल्लीपासून सगळीकडे चालतं, नव्या इलेक्ट्रिक गाड्या आवाज करत नाहीत, धूर सोडत नाहीत, एसी गार असतो, उन्हाळ्यात मी एक बस सोडून एसीची वाट बघते. पण चालक कंत्राटदाराचा असेल तर त्याला शिकवायचं कोणी, त्याची ड्युटी किती तासांची, हे विचारायची जबाबदारी कुणाची? ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि माणसं चिरडली गेली. चालकाला अशा गाडीचं प्रशिक्षण किती दिलं होतं यावर पुढे कितीतरी दिवस बोललं गेलं. कोर्टात काय व्हायचं ते होईल. २९ डिसेंबर २०२५ ला भांडुप स्टेशनबाहेर पुन्हा एका बसखाली चार जण गेले. दोन्ही वेळा चर्चा चालकावर सुरू झाली आणि चालकावरच संपली. स्टेशनबाहेर बस वळायला जागा किती, रिक्षांच्या रांगा किती, फेरीवाले कुठे, माणसांनी चालायचं कुठून, हा तुमच्या वॉर्डाचा प्रश्न आहे. तुम्ही निवडून यायच्या आधीपासून आहे, आणि तो सोडवताना चार मतं जातील हेही मला कळतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्टच्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक झाली, तिच्यावर टीव्हीवाल्यांनी आठवडाभर चर्चा केल्या. ठाकरे बंधूंच्या पॅनेलला २१ जागांपैकी भोपळा, कोण जिंकलं, कोण हरलं, पालिका निवडणुकीवर परिणाम काय. एवढ्या चर्चेत मी बस हा शब्द शोधत होते. पतपेढीत बसचं काय काम, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. पण नावात बेस्ट होतं म्हणून आशा वाटली.

मेट्रो आली, आता बसची काळजी कशाला, असंही ऐकायला मिळतं. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सिद्धिविनायकचं स्थानक माझ्या घरापासून चालत आहे, मी वापरते, उत्तम आहे. पण जमिनीखाली इतकं खोल जायचं आणि वर यायचं, आणि वर आल्यावर पुन्हा घर किंवा दवाखाना एक-दोन किलोमीटर. तिथे बसच लागते. लोकल असो, मेट्रो असो, शेवटचा तुकडा बसचा. तो तुकडा तुटला की माणूस स्कूटर घेतो. मग ती स्कूटर फुटपाथवर उभी राहते आणि तुमच्याकडे पार्किंगच्या तक्रारी येतात.

तर माझी मागणी. नव्या बस आणा, आगारांच्या जमिनी विकासकांना देताना बस उभी करायची जागा शाबूत ठेवा, मोठ्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका द्या, हे सगळं हवंच आहे, पण त्याला वर्षं लागतील आणि तोवर तुमची मुदत संपेल. मला एक लहान गोष्ट हवी आहे, ती एका महिन्यात होते.

प्रत्येक बस कुठे आहे हे चलो ॲपवर दिसतं. म्हणजे कुठली फेरी सुटली, कुठली रद्द झाली, किती वाजता कुठल्या थांब्यावर पोचली, हे कुठेतरी नोंदलं जातंच. ते आमच्यासमोर येऊ द्या. दर आठवड्याला प्रत्येक मार्गाचं एक पान : ठरलेल्या फेऱ्या इतक्या, सुटलेल्या इतक्या, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात दोन बसमधलं सर्वांत जास्त अंतर इतकी मिनिटं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. बेस्ट समितीवर तुमच्यापैकी जे बसलेत त्यांनी तोट्याचा आकडा मागण्याआधी हा आकडा मागावा. आणि ज्या मार्गावर अंतर अर्ध्या तासाच्या वर जातं तिथला नगरसेवक कोण, हेही त्याच पानावर छापावं. रागावू नका, मालकही लेट मार्कच्या यादीवर विभागप्रमुखाचं नाव घालायला सांगतात.

खर्च फार नाही. कागद आणि खळ. लावायचा कुठे असा प्रश्न पडला तर तुमच्या नावाच्या बाकड्याच्या पाठीवर भरपूर जागा आहे.

कळावे,
आपली,
एक बसप्रवासी
प्रभादेवी, मुंबई